न घेतलेलं नाव

कवळी पियाल्यात बुडालेली होती, आणि तिच्या गुलाबी हिरडीला रात्रीच्या शेवयांचा एक तुकडा चिकटला होता — पांढरा, फुगलेला, पाण्यात हलकेच डुलणारा... शी! बुरुलने मान फिरवली. फिरवली तरी तो दिसतच राहिला. निळ्या नक्षीचा हा पियाला तिच्या लग्नातला. पहिल्या वर्षी ह्याच पियाल्यातून ती सासऱ्यांना चहा द्यायची, अर्धाच भरून, कारण काठोकाठ भरून दिला की ‘प्या आणि निघा’ म्हटल्यासारखं होतं. आणि सासरे तो तिच्याकडे न बघता घ्यायचे, न बघता परत करायचे, पुन्हा अर्धा, पुन्हा न बघता... आता त्यात त्यांचेच दात. तिने बोटाच्या नखाने तो तुकडा काढला, चुलीत टाकला आणि हात जुन्या फडक्याला इतका वेळ पुसत राहिली की बोट दुखायला लागलं.

बाहेर अंगणात बर्फ वितळून नुसता राडा झाला होता. खिडकीत फोन वाजला. समाजकल्याणची नुरझात.

“बुरुल एजे, तुमचा देखभालीच्या पगाराचा व्हिडिओ वरून परत आलाय. नाव नाहीये त्यात.”

“माझं नाव सांगितलंय की मी.”

“तुमचं आहे हो. म्हाताऱ्याचं नाहीये. तुम्ही नुसतं ‘आमचे अताके, आमचे अताके’ करताय. अख्ख्या देशाचे बाबा आहेत का ते?” ती स्वतःच हसली. “पूर्ण नाव घ्या, स्वच्छ, आणि त्यांचा चेहरा दिसू द्या. आज अंधार पडायच्या आत पाठवा. नाहीतर पगार बंद करतील, आणि बंद झालेलं परत सुरू करणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहितीये.”

“मी त्यांचं नाव कसं घेऊ गं? सून आहे मी.”

“सून मीपण आहे, एजे! माझ्या सासऱ्यांचं नाव फोनमध्ये घालून ठेवलंय मी, टोपणनावासकट. लोक मेलेल्या माणसांची देखभाल करून पैसे उचलतायत, म्हणून हा सगळा ताप. नियम काय मी केलाय?”

मेलेल्या माणसांची देखभाल... बुरुलने फोन ठेवला. तशी ही कल्पना तिला नवीन नव्हती. सासरे अर्धांगाने पडल्याला दोन हिवाळे होऊन गेले, शब्द म्हणून तोंडातून निघाला नाही, डोळे छताच्या एका लाकडी तुळईवर. खायला घातलं तर गिळतात, वळवलं तर वळतात. ह्याला देखभाल म्हणतात आणि सरकार त्याचा पगार देतं. त्यासाठी तिने शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडली. कोळसा त्यातूनच येतो, डायपर त्यातूनच, थोरल्या मुलीच्या वसतिगृहाचे पैसेही त्यातूनच; नवऱ्याची भाड्याने चालणारी गाडी बिश्केकच्या रस्त्यावर महिन्यातून दोनदा तरी बंद पडतेच. तेव्हा रोज पहाटे ती त्यांच्या खोलीचं दार उघडते ना, तेव्हा आधी बघते छाती हलतेय का. हलत असते. आणि मग जो सुस्कारा बाहेर पडतो तो... तो कशाचा असतो, बुरुल? खरं सांग. त्यांच्यासाठी असतो? थू! मला माझीच शिसारी येते. गाईच्या आचळाला हात लावून दूध आहे का बघावं, तसं मी माणसाच्या छातीकडे बघते.

पण नाव...

तिच्या सासऱ्यांच्या नावात कुऱ्हाड आहे. जन्मलेलं मूल टिकावं, मरणाने त्याच्यापासून लांब राहावं म्हणून असली नावं ठेवायचे तेव्हा. त्यामुळे ह्या घरात आल्यापासून तिला कुऱ्हाडही वर्ज्य. आल्या आल्याच एकदा बोलून गेली होती, सरपण फोडायचं होतं, दिराला म्हणाली कुऱ्हाड दे. आणि सासूच्या हातातला डाव तिच्या खांद्यावर असा बसला की थोरली पोटात असताना तो खांदा अजून दुखायचा. “ते धारवालं,” सासू म्हणाली होती. “धारवालं दे म्हणायचं.” तेव्हापासून धारवालं. मुलांनाही तिने धारवालं शिकवलं. शाळेत पोरं हसली त्यांना. नवऱ्यालासुद्धा ती ‘थोरलीचे बाबा’ म्हणते, दोन मुलं झाल्यावरही. आणि सासरे तिला ‘ए सूनबाई’. बुरुल असं त्यांनी एकदाही म्हटलेलं तिला आठवत नाही... एकमेकांचं नाव न घेता दोन माणसं एका छपराखाली इतकी वर्षं राहिली, आणि आता त्यातलं एक दुसऱ्याची शी काढतं.

फोननंतर चहा पिताना थोरलीच्या बाबांना सांगितलं तिने, की नाव घ्यावं लागेल. तो पावाला साय लावत होता.

“घे की मग. काय जातंय?”

“तुमचे वडील आहेत.”

“त्यांना काय कळतंय, बुरुल?”

साय ओठाला लागली होती त्याच्या. ती जिभेने चाटून तो उठला, बापाच्या दारापर्यंत गेला, उंबऱ्यावरूनच श्वास रोखून आत डोकावला आणि “बरे आहेत” म्हणून गाडीकडे गेला. दोन हिवाळे तो असाच डोकावतोय. श्वास रोखून. बरे आहेत!

तोटीच्या कुमगानमध्ये पाणी कोमट झालं होतं. तिने परात घेतली, फडकी घेतली, आणि एवढ्यात दार न वाजवता मोठी नणंद आत शिरली, कानिशाय, हातात तळलेल्या बोरसोकची पिशवी, पायात चिखलाचे बूट. थेट खोलीच्या दाराशी जाऊन तिने नाक वर केलं.

“वास येतोय गं.”

“आत्ताच धुवायला चालले होते, एजे.”

“नाही, येऊ दे, येऊ दे. पगारी माणसाच्या हाताला थोडा वास चालायचाच.” ती बूट काढून बसली. “आमच्या आईने तिच्या सासऱ्याचं सगळं केलं. तिला कुठल्या सरकारने काय दिलं? लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही मला, केलिन. म्हणतात, बुरुल केलिन होती, घरची सून, आता कामवाली झाली.”

तुमच्या आईला तीन जावा होत्या आणि म्हातारा आठ दिवसांत गेला, हे बुरुलच्या अगदी दातांपर्यंत आलं होतं. ती म्हणाली, “चहा ठेवू?”

“ठेव. आणि ते नावाचं काय ऐकते मी? आमचा भाऊ एर्मेक फोनवर म्हणाला. घेणारेस?”

“तुम्ही घ्या, एजे. मुलगी आहात तुम्ही. मी तोंड हलवते, तुम्ही पडद्यामागून बोला.”

कानिशाय क्षणभर खरोखरच विचारात पडली. मग तिने रुमाल सारखा केला. “तोंड वर करून बापाचं नाव घेऊ? बाई बाई! मला नाही जमायचं. तू घे. तुला त्याचेच तर पैसे मिळतात.”

बोरसोकचा तेलकट वास, खोलीतला वास, चिखलाचा वास... बुरुलने खिडकी उघडली. नणंद चहा पिऊन, बापाच्या कपाळाला दोन बोटं लावून, ती बोटं स्वतःच्या कपाळाला लावून निघून गेली. दोन बोटं. मुलगी जे शिवते ते कपाळ, बाकीचं सगळं सुनेचं.

मग कोण घेतं आता हे नाव? धुताना ती विचार करत राहिली, आणि विचार करत असताना हात आपोआप चालत होते, हे बरं होतं. त्यांची आई नाही. थोरला भाऊ नाही. बायकोने तर जन्मात घेतलं नाही. सामूहिक शेतीवर त्यांच्याबरोबर ट्रॅक्टर चालवणारा तो साग्यिन म्हातारा घ्यायचा, कुंपणावरूनच ओरडायचा, पण त्याला मागच्या पानगळीत पुरलं. डॉक्टर ‘अक्साकाल’ म्हणतो, कुठल्याही म्हाताऱ्याला म्हणावं तसं. मुलं आजोबा म्हणतात. हे नाव आता फक्त कागदावर आहे... आणि कागदावर ते तिच्याच नावाच्या खाली आहे, देखभाल करणारी अमुक, देखभाल होणारा तमुक. वळवताना त्यांची मांडी तिच्या कोपराला लागली, ओली, गार, सुरकुतलेली, कोंबडीच्या सोललेल्या मानेसारखी. डोळे नेहमीप्रमाणे तुळईवर. ते डोळे तिथे आहेत म्हणूनच मी हे करू शकते. हे शरीर कुणाचं नाही, असं धरून चालते मी. दोन हिवाळे मी एका कुणाच्याच नसलेल्या देहाला धुते आहे, आणि किळस आली तर आली, माणसाची थोडीच येते?

दिवस कलायला लागला होता. उरकून टाकावं एकदाचं. तिने उशी लावून त्यांना टेकवलं, कवळी बसवली, स्वच्छ सदरा घातला, डोक्यावर पांढरा काल्पाक ठेवला, कारण बोडक्या डोक्याने त्यांना परक्या माणसाला दाखवणं तिला कसंनुसं वाटलं. फोन मुरंब्याच्या बरणीला टेकवला. चौकटीत कमरेपर्यंतच दिसत होतं, म्हणून कमरेखालचं तिने तसंच राहू दिलं; फडकं काढलेलं होतं, रजई बाजूला पडली होती, व्हिडिओ झाला की पुढचं करू म्हणून. चौकटीबाहेर काय आहे ते ऑफिसला कशाला कळायला पाहिजे?

“मी, बुरुल... देखभाल करते...”

पुसून टाकलं. पुन्हा.

“मी, बुरुल, देखभाल करते, आमचे...”

अगं म्हण की! तोंडात काय माती भरलीये? खांदा दुखायला लागला, तोच, डाव बसलेला. सासू मरून इतकी वर्षं झाली आणि खांद्यात अजून बसलीये. तिने डोळे मिटले, छाती भरून घेतली, आणि शब्द बाहेर आला तो जरुरीपेक्षा फार मोठ्याने आला, कुणाला गोठ्यापलीकडून हाक मारावी तसा —

“बाल्ताबेक!”

“ओ!”

तिला वाटलं, अंगणातून कुणी बोललं.

मग तिने डोळे उघडले. काल्पाकखालचे डोळे तुळईवर नव्हते. ते दाराकडे वळले होते, हाक जिकडून यायची तिकडे. तोंड अर्धवट उघडं, आणि तोंडावर घराच्या मागे खेळत असलेल्या, आणि आता उठून पळत सुटणार असलेल्या पोराची घाई. ओ दिली होती त्यांनी. स्वच्छ. दाराशी कुणी नव्हतं. डोळे खोलीभर फिरले, ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर, आणि शेवटी तिच्यापाशी आले. तिच्या तोंडापाशी. तिथे थांबले. घाई हळूहळू गेली आणि त्या जागी तिला ओळखीचं, जुनं, ‘ए सूनबाई’वालं कपाळ आलं... मग ते खाली बघायला लागले. स्वतःकडे. चौकटीबाहेर.

डावा हात हलला. चांगला होता तो हात, पण आजवर त्याने काही मागितलं नव्हतं. तो रजई शोधू लागला, चादरीवरून चाचपत, नखं घासत, आणि रजईला पोचेना. बोटं नुसती तिच्या काठाशी हलत राहिली. मान लालभडक झाली होती.

बुरुलने रजई ओढून घातली. पटकन, नजर दुसरीकडे करून, जणू तिने हे शरीर कधी पाहिलंच नव्हतं. फोन मुरंब्याच्या बरणीला टेकून सगळं घेतच होता.

ती स्वयंपाकघरात आली आणि उभीच राहिली. व्हिडिओ बघितला. छान आला होता. पांढरा काल्पाक, नाव, ‘ओ’, जिवंत माणूस. हात खाली जाताना दिसतो, कशासाठी जातो ते दिसत नाही. नुरझात म्हणेल, वा एजे, असा आला पाहिजे. नवऱ्याचा निरोप येऊन पडला होता: ‘घेतलंस का?’ अंगठा पाठवायच्या बटणावर आला आणि तिथेच राहिला. माणूस हाक ऐकून आला होता, कुठून कुठून, आईची समजून आला असेल, आणि इथे बघतो तर काय, पगाराची हाक. ही त्याची ओ विकायची? शी! आणि नाही पाठवलं तर? कोळसा? थोरली? परवापासून डायपर कुठून आणशील, बाई? पाठवायचं तर आहेच... तिला माहीत होतं, पाठवायचं तर आहेच. तरीही अंगठा खाली जाईना, आणि खिडकीतला उजेड कमी होत होता.

म्हणजे सगळं ऐकत होते का? नणंदेचं ‘वास येतोय’, मुलाचं ‘त्यांना काय कळतंय’, माझं दर पहाटेचं ते सुटकेचं ‘हुश्श’? की आत्ताच आले, ह्या एका हाकेसरशी, आणि आता तुळईवर परत जाता येत नाहीये त्यांना? कुठलं जास्त वाईट, तिला ठरवता येईना. आजवर त्या खोलीत किळस एकट्या तिला येत होती. आता दोघांना येणार होती.

अर्धवट राहिलेलं काम तर उरलंच होतं. तिने कुमगान पुन्हा भरलं, पाणी हाताच्या पाठीवर घेऊन बघितलं, कोरडी फडकी खांद्यावर टाकली. दाराशी आली. रोज ती पायाने दार ढकलून आत शिरायची, परात आधी, मग आपण. आज ती बाहेरच थांबली. आत रजईची काहीतरी सळसळ होत होती. डोक्यावरचा रुमाल तिने पुढे ओढला, नवी सून असताना ओढायची तसा, आणि ती खाकरली.

सळसळ थांबली.

कुमगानचं ओझं हातात घेऊन बुरुल दाराबाहेर उभी राहिली, आतून काही येतंय का ते ऐकत.