मिनिटाला दहा थेंब

शमशेर मुल्लाच्या हातची ग्लँडदोरी अख्ख्या मिरज तालुक्यात नावाजलेली. उसाला पाणी पाजणाऱ्या पंपाचा दांडा फिरतो, त्याच्याभोवती चरबी माखलेली ही दोरी वेटोळी घालून भरायची, वरून बोल्ट आवळायचे, पण पुरते नाही. मिनिटाला दहा थेंब गळू द्यायचे. तेवढ्यानं दांडा गार राहतो. कोरडा पडला की दोरी जळते आणि दांडा जाम होतो. "गळंल त्यो जगंल," असं तो शेताशेतांत सांगत हिंडायचा.

तीच दोरी त्यानं मानसिंगच्या पाणबुडीला भरली होती.

मानसिंग घोरपडे फौजेतून हवालदार होऊन परतला, साखर कारखान्याच्या भंगारातली लोखंडी टाकी घेऊन आला आणि तीन वर्षं ती ठोकत बसला. एक माणूस कसाबसा मावेल एवढी पाणबुडी. वरचं झाकण सोडलं तर अंगाला दोनच भोकं : एक टेलिफोनच्या वायरीचं, एक पाणबुडी पुढं ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याचं. आज पाणी साचलेल्या दगडखाणीत ती पहिल्यांदाच खोल उतरली होती. काठावर, पाणबुडी जिला टांगली होती त्या चेनपुलीच्या साखळीपाशी मानसिंगची बायको संयोगिता, टेलिफोनपाशी शमशेर.

"किती फूट रं?" आतून मानसिंगनं विचारलं.

"तीस. पंखा चालू कर."

"केला. लय गोड फिरतोय गड्या." मग, "थेंब पडाय लागलं बघ."

"गळू दे की. दांडा गार ऱ्हाईल."

बोलून गेला आणि शमशेरला उमगलं. पंपाचं पाणी बाहेर गळतं, मातीत जिरतं. हे आत गळत होतं, मानसिंगच्या पायाशी. शिवाय ते दहा थेंब विहिरीवरच्या पंपाच्या हिशेबानं, पाच फूट पाण्याला धरलेले. इथं पाण्याचा भार सहापट.

"मानसिंग, थेंब मोज."

"एक, दोन, तीन, चारपाचसा…" आवाज अडला. "न्हाई मोजता येत. धार लागलीया."

"वैनी, वर घ्या! वर!"

संयोगितानं पदर खोचला. साखळी ओढायला लागली. चेनपुली हत्ती उचलेल, पण मुंगीच्या पावलानं. चार हात साखळी खाली यावी तेव्हा टाकी बोटभर वर.

"आवं भाऊ, ही आशी का मुलखाची हळू?"

"तिची चालच तशी हाय. थांबू नगा." टेलिफोन खांद्यात दाबून त्यानंही साखळीला हात घातला.

"मी आवळतो बोल्ट," मानसिंग म्हणाला.

"पुरता नगो! दांडा धरंल—"

किर्र झालं. "जळका वास येतोय, शमशेर. पंखा बंद पडला." मग नुसती खरखर. मग तीही नाही.

साखळी वाजत होती. हात वर, हात खाली, पाणी काळं, पाणी गप.

"बोलत्यात का?" संयोगितानं विचारलं.

"बोलतोय."

"काय म्हनत्यात?"

शमशेरनं टेलिफोन खांद्यावरून खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी साखळी धरली. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि ओढायचा वेग वाढवला. तळहाताची कातडी साखळीला चिकटून जात होती, तरी ती थांबली नाही.

टाकीची पाठ पाण्यावर आली तेव्हा दोघांनी मिळून झाकण फिरवलं. आत मानसिंग कमरेएवढ्या पाण्यात बसलेला, ओठ पांढरे, पाना अजून बोल्टवर.

"बॅटरी बुडाली," तो म्हणाला. मग दात वाजवत हसला. "तुज्या दोरीनं आंघूळ घातली लेका."

शमशेर हसला नाही. "चूक माजी. मी भाईर बसून, झाकणातनं हात घालून दोरी भरली. पानी भाईर गळनार, आसंच हाताला ठाव."

"जीव जायचा हुता ह्येंचा," संयोगिता हळूच म्हणाली. त्याला ते ओरडण्यापेक्षा जड गेलं.

मानसिंगला उन्हात बसवून तिनं पदरानं त्याचं डोकं पुसलं. शमशेरनं बादलीनं पाणी उपसलं, चपला काठावर काढल्या, पिशवीतली नवी दोरी घेतली आणि टाकीत उतरला. गुडघे हनुवटीला टेकले. जळक्या चरबीचा वास नाकात शिरला.

"झाकण लावा, वैनी."

"काय म्हनता भाऊ?"

"लावा. आता आत बसूनच भरतो. गळंल ते माज्याच पायाशी गळू दे."