बदकाचं उरलेलं गाणं

कापितोलिना बटाटे सोलत होती आणि तिच्या मागे आर्खिप दानिलोविच नातीला रव्याची लापशी भरवत होता. एका ओळीला एक चमचा. पाच बिऱ्हाडांच्या त्या सामाईक स्वयंपाकघरात ओळी सगळ्या कापितोलिनाच्या नवऱ्याच्या, इन्नोकेंतीच्याच असत. लेनिनग्राडमधलं एक पोर त्यांच्याशिवाय घास गिळेल तर शपथ. इन्नोकेंतीला पकडून नेल्यावर पुस्तकांवरचं त्याचं नाव तेवढं काढून टाकलं होतं. लापशी चालूच राहिली.

आज ल्यूस्या हट्टाला पेटली होती. नेहमीची गाणी संपली, वाटी अर्धी तशीच. आर्खिपनं घसा साफ केला.

"बदक आमचे पोस्टमन, चष्मा चोचीवर,
दुसऱ्यांची पत्रं वाचती बसून पायरीवर..."

कापितोलिनाच्या हातातला बटाटा निसटून बादलीत पडला.

हे गाणं कुठेच छापलेलं नव्हतं. इन्नोकेंतीनं ते इंग्रजीवरून रशियनमध्ये आणलं आणि त्याच संध्याकाळी वाचून दाखवलं. ऐकायला दोघंच: ती, आणि मीठ मागायला आलेला हा शेजारी. त्याच आठवड्यात झडती झाली. कागद गेला, माणूस गेला, छावणीतून नुसती मेल्याची बातमी आली. आता सरकारनं त्याला निर्दोष ठरवलं होतं, संग्रह निघत होता, आणि नेमकं हेच गाणं मिळत नव्हतं. तिला स्वतःला पहिल्या दोन ओळींपुढे काही आठवत नव्हतं.

ती सुरीसकट वळली.

"तुम्ही एकदाच ऐकलं होतंत."

"राहिलं लक्षात," तो वाटीत बघत म्हणाला.

"एकदा ऐकून?"

त्यानं चमचा वाटीत टेकवला.

"तिथे पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ते लिहून घेत होते."

तिथे म्हणजे गुप्त पोलिसांच्या कचेरीत, हे विचारायची गरज नव्हती. इतकी वर्षं तिनं तळमजल्यावरच्या रखवालदारणीवर चुगलीचा संशय धरून बोलणं टाकलं होतं, आणि या मेल्याला दर हिवाळ्यात खारवलेल्या काकड्यांची बरणी दिली होती. खरा माणूस सापडला की त्याच्या तोंडावर थुंकायचं, हे तिनं कधीचं ठरवून ठेवलं होतं.

तो नातीला कडेवर घेऊन दाराकडे निघाला. ती आडवी गेली.

"खाली बसा."

"जाऊ द्या, कापितोलिना ल्वोव्ना. पोरगी बघतेय."

"बघू दे. वाटी अर्धी आहे अजून. गाणं पुरं करा, मग मरा कुठे मरायचं ते."

तो बसला. चमच्यामागून चमचा, ओळीमागून ओळ. एकही अडखळली नाही. ती दात आवळून ऐकत होती.

"स्वतःचं पत्र आलं तेव्हा बदक बावरलं..."

इथे इन्नोकेंती भुवया उंचावून थांबला होता. हाही नेमका तिथेच थांबला.

"कुणी आधीच वाचून होतं डिंकानं चिकटवलं!"

ल्यूस्या खिदळली. आणि कापितोलिनालाही हसू फुटलं, त्या संध्याकाळी फुटलं होतं तसंच, आवरता आवरेना. त्या हसण्याचा तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिनं सुरी ठेवली, हात पुसले आणि स्टूल ओढून ती त्याच्यासमोर बसली.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली. "सावकाश. आणि तो थांबला होता, तिथे थांबा."