बत्तीस दातांचा डाव

कवळ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात ताईचा हात सगळ्यांत साफ. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येत, आणि ताई मेणात एकेक दात असा बसवी की म्हाताऱ्या माणसाला आरशात आपलंच जुनं हसू दिसावं. बावीस वर्षांत तिची एकही कवळी परत आली नव्हती. मात्र जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की ती टाकाऊ प्लास्टर कोरत बसे. कोरता कोरता तिने बुद्धिबळाचा अख्खा संच केला होता. हत्ती म्हणजे दाढा, उंट म्हणजे सुळे, प्यादी म्हणजे पुढचे दात. मोजून बत्तीस.

समोर खेळायला काका. काका साचे ओतत. बायको गेल्यापासून घरी त्यांना बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळे दिवसभराचं सगळं बोलणं ते पटावर उरकत. रोज पंधरा मिनिटं खेळायचं आणि एक डाव आठवडाभर पुरवायचा, असा दोघांचा रिवाज होता.

मग नवे साहेब आले. सुट्टी संपायला चार मिनिटं होती, तरी त्यांनी हाताच्या एका फटकाऱ्याने पट कचऱ्याच्या डब्यात लोटला आणि वर बुटाने दाबला.

"ही काय शाळा आहे? इथे शिस्त पाहिजे, शिस्त."

तो डाव काका जिंकत होते. दुसऱ्या दिवसापासून काका भिंतीकडे तोंड करून डबा खायला लागले. त्यांचं बोलणंही बंद झालं.

ताई रडली नाही. तिला राग आला, आणि तो तिने जपून ठेवला. साहेबांवर तिने दात धरला तो धरलाच. मान खाली घालून ती वर्षभर निमूट काम करत राहिली, इतकी की साहेब तिचं उदाहरण द्यायला लागले.

वर्षाने साहेबांचेच वरचे सगळे दात काढायची वेळ आली. हिरड्या भरल्यावर ते तोंडावर रुमाल धरून तिच्या टेबलापाशी आले.

"बाई, माझी कवळी तुम्हीच करा. पण अगदी सिरियसली, हं."

"काळजी करू नका, साहेब. जीव ओतून करते."

आणि तिने खरंच जीव ओतला. मेणातली कवळी डॉक्टरांनी साहेबांच्या तोंडात बसवून पाहिली आणि वाहवा केली. पक्की कवळी हातात आली तेव्हा मात्र ताईने बारीक हत्यार घेतलं आणि पुढच्या दोन दातांच्या मागे, टाळूवर, एक नाजूक खाच कोरली. या कारखान्यात येण्याआधी, ती शिकाऊ असताना चुकून अशीच खाच राहिली होती आणि एक मास्तर महिनाभर वर्गात शिट्ट्या मारत शिकवत होते. तेव्हा लाजेने तिला जेवण गेलं नव्हतं. आज ती खाच कोरताना तिला इतकी मजा आली की हत्यार ठेवावंसं वाटेना.

कवळी साहेबांना छान बसली. खाताना टोचली नाही, हसताना हलली नाही. फक्त 'स' आला की शिट्टी वाजायची, आणि 'श' आला की जरा लांब. डॉक्टर म्हणाले, होईल सवय. चार दिवसांनी साहेब ताईकडे आले.

"बाई, हे काय होतंय?"

ताईने कवळी उजेडात धरून उलटसुलट पाहिली. खाच मिटवायला तिला दोन मिनिटं पुरली असती.

"कामात काहीच खोट नाही, साहेब. नव्या कवळीने जरा कमी बोलावं."

दुसऱ्या दिवशी सुट्टीत तिने टेबलावर पट मांडला. सोंगट्या नव्या होत्या, आणि त्यांतलं एकेक प्यादं तिने, दात काढण्याआधी घेतलेल्या साच्यावरून, साहेबांच्याच जुन्या दातांबरहुकूम कोरलं होतं. तिने काकांची खुर्ची भिंतीकडून आपल्याकडे फिरवली. काका कितीतरी वेळ ती प्यादी न्याहाळत राहिले.

साहेब तरातरा आले. बोट पटाकडे रोखून त्यांनी तोंड उघडलं.

"शिस्त..."

शिट्टी अशी खणखणीत वाजली की सगळ्यांनी माना वर केल्या. साहेबांनी तोंडावर हात ठेवला आणि ते तसेच केबिनकडे वळले.

काका वर्षाने पहिल्यांदा बोलले.

"पंचांनी शिट्टी दिली, ताई. चल, खेळ."