फुलर घराण्याचा फलक

गावाचा इतिहास लिहिणाऱ्या समितीच्या साहेबांनो, तुम्ही आमचं आडनाव चोरलंत. फलकावर लिहिलंत, 'फुलर: शूर सरदारांचं घराणं.' साफ खोटं! इंग्लंडातल्या आपल्या या सफोक परगण्यात फुलर म्हणजे नवं लोकरी कापड शिळ्या मुतात तुडवून घट्ट करणारा माणूस. माझे पूर्वज बादली घेऊन घरोघरी मूत गोळा करायचे, अगदी पाद्र्याच्या दारातूनही.

फलकावरच्या पडद्याची दोरी घराण्यातल्या सर्वांत वयस्क माणसानं ओढायची, हा गावचा रिवाज. म्हणून ब्याऐंशी वर्षांच्या म्युरियलआत्याला तुम्ही बोलावलंत. तिनं आधी पडद्याआड डोकावून मजकूर वाचला आणि 'आधी खरा धंदा लिहा' म्हणत हातातली दोरी सोडून दिली.

"बाईसाहेब, लोक चहाला खोळंबलेत," तुमचे अध्यक्ष कुजबुजले. "फलकावर मूत कसं लिहायचं हो?"

"आमच्या माणसांनी जन्मभर त्यात पाय घातले, आणि तुला नुसतं लिहायची लाज वाटते होय रे?" आत्या कडाडली. "बोलव तुझ्या सरदारांना दोरी ओढायला!"

तीन आठवडे झाले, फलक झाकलेलाच आहे. रिवाज मोडायची तुमची छाती नाही, आणि आत्या काही ऐकायची नाही. खरा मजकूर कधी लिहिताय? उत्तर द्या.