शिकाऊ

आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मी नऊ वर्षं मदतनीस आहे. पगारवाढ मागितली की डॉक्टर नवा बिल्ला देतात. मदतनीसाची मी वरिष्ठ मदतनीस झाले, मग मुख्य मदतनीस, आणि गेल्या वर्षी मुख्य समन्वयक. दवाखान्यात माणसं दोनच, डॉक्टर आणि मी. समन्वय कुणाचा करायचा ते बिल्ल्यावर लिहिलेलं नाही.

यंदा मला बिल्ला नको होता. मुलीला परगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि महिनाअखेरपर्यंत वसतिगृहाचे पैसे भरले नाहीत तर तिची खोली दुसरीला जाणार होती. मी तोंड उघडलं, तर डॉक्टर म्हणाले, "अहो, तुम्ही घरच्या. घरच्यांनी का कधी पैशांचं बोलायचं असतं?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहिरात लिहायला सांगितली. काम वाढलंय, आणखी एक मदतनीस हवी. लिहिणारी अर्थात मीच. पगाराचा आकडा ऐकून माझं पेन थांबलं. माझ्या दीडपट.

"नवखीला एवढा?"

"ती बाहेरची. कमी दिला तर समोरच्या हॉस्पिटलात जाईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी शुद्धलेखन तपासूनच जाहिरात दिली.

मुलाखतीला दोघी आल्या, नुकताच कोर्स झालेल्या. परीक्षा म्हणजे रक्त काढून दाखवायचं, पण पेशंट कोण तयार होणार? डॉक्टरांनी स्वतःचाच डावा हात पुढे केला. पहिलीने तीनदा टोचलं. दुसरीने दोनदा टोचलं आणि तिलाच घेरी आली. तिला पाणी मीच पाजलं.

दोघी गेल्यावर मी बिल्ला काढून खिशात टाकला, अर्ज लिहिला आणि दार वाजवून आत गेले.

"तुम्ही?"

"उमेदवार. बाहेरची."

डॉक्टर कसंनुसं हसले. मी त्यांच्या उजव्या हाताला पट्टा बांधला. एकदाच टोचलं, रक्त आलं. त्यांना कळलंही नाही.

"शेवटी घरचाच हात," ते म्हणाले.

"घरचा हात महिनाअखेरीला समोरच्या हॉस्पिटलात चाललाय. बाहेरचा हवा असेल तर जाहिरातीतल्या पगारावर सही करा."

डॉक्टरांनी सुजलेल्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि उजव्याने सही केली. मग म्हणाले, नवीन माणूस म्हणजे नियम आला. ड्रॉवरमधून त्यांनी बिल्ला काढून दिला. त्यावर लिहिलं होतं, शिकाऊ.

तो लावूनच मी घरी गेले.

"खाली उतरवलं की तुला," नवरा म्हणाला.

"हो, दीडपट," म्हटलं, आणि खोली पक्की कर म्हणून लेकीला फोन लावला.