गणितातली स्वच्छ नदी

मित्रांनो, मी एक जुनी मोजपट्टी आहे. पण जवळ येण्याआधी नाकाला रुमाल लावा. अमेरिकेत, पिस्कॅटवेजवळच्या एका लहानशा नदीवर पूल आहे, त्याच्या खांबाला मला आवळून बसवलं आहे. लोखंडी पत्रा, वर पांढरं इनॅमल, त्यावर फुटांचे काळे आकडे. कारखान्यातून आले तेव्हा मी पूजेच्या ताटासारखी लख्ख होते. आता अंगावर शेवाळ आहे, तेलाचा चिकट थर आहे, आणि पायाशी काय काय येऊन कुजतं ते न सांगितलेलंच बरं.

माझा नेम एकच. पाणी अंगाला जिथे टेकेल तो आकडा दाखवायचा. पाण्यावर मेलेला मासा तरंगत असला तरी नेम मोडायचा नाही.

लोकांचा नेम निराळा होता. घरात नको ते पुलावरून खाली टाकायचं. टायर, बाटल्या, बाळांचे वापरलेले डायपर, एकदा तर डागाळलेली अख्खी गादी. ती खांबात अडकली, तिच्यात फांद्या अडकल्या. पुढच्या पुरात त्या घाणीमागे पाणी तुंबलं आणि माझ्या नवाच्या आकड्यापर्यंत चढलं. मी नऊ फूट दाखवले.

मला वाचायला मीनाक्षी यायची. ती नागपूरहून इथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली. काम करता करता ती मराठीत पुटपुटायची, म्हणून थोडं गणित मलाही कळू लागलं. नदीचे कागदावर तुकडे करायचे. वरून किती पाणी आलं, खाली किती गेलं, मध्ये किती साठलं, असं मांडत पुराची लाट पुढे पुढे न्यायची. तळ आणि काठ पाण्याला किती अडवतात, त्याचाही एक आकडा असतो. तो कमी धरला की कागदावरचं पाणी भराभर निघून जातं. शेवटी आलेलं उत्तर माझ्याशी ताडून पाहायचं.

गणित म्हणालं सात. मी म्हणत होते नऊ.

तेव्हा पुरुषोत्तमकाका तिच्याबरोबर पुलावर आले. काका एका कंपनीत पूररेषा आखायचे आणि मीनाक्षीचं गणित त्यांच्याच नकाशासाठी होतं. सोबत सुमित्रामावशी होत्या, त्यांची छोटी दीपा होती. मावशींना पुलाजवळच काठावरच्या गल्लीतलं घर घ्यायचं होतं, तळघरात देवघर मांडायचं होतं. पाणी सात फूट आलं तर ते घर कोरडं राहणार होतं. नऊ आलं तर तळघर बुडणार होतं.

काकांनी वाकून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "शी! केवढी घाण आहे या पट्टीवर. गादी अडकली म्हणून नऊ आले. ते रीडिंग कॅन्सल कर, मीनाक्षी. डेटा क्लीन पाहिजे."

"पण काका, गादी अजून तिथेच आहे."

"आता कॉम्प्युटरला गाद्याही शिकवणार का तू?" काका हसले आणि मावशींकडे वळले. "घ्या हो बिनधास्त. घर लाइनच्या बाहेर आहे."

दीपा नाक दाबून उभी होती. "आई, इट स्टिंक्स," ती म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मीनाक्षीने मान खाली घातली आणि माझा आकडा काढून टाकला.

चिखलाची मला किळस येते, पण त्या दिवशी आली तशी कधी आली नव्हती. मी घाण होते, खोटी नव्हते. त्यांच्या गणितातली नदी मात्र सोवळ्यातली. टायर नाही, गादी नाही, वास नाही. कुठे वाहते हो अशी नदी?

मावशी राहायला आल्या. रोज पहाटे तळघराच्या खिडकीतून त्यांची घंटा ऐकू यायची, तेवढा वेळ मला पायाशी कुजणाऱ्या घाणीचा विसर पडायचा.

मग पुढच्या वसंतात पूर आला. खांबात पुन्हा कचरा भरला, पाणी सात ओलांडून वर गेलं आणि त्या पहाटे घंटा वाजली नाही.

पाणी ओसरल्यावर मावशींनी सगळं अंगणात काढलं. गालिचा, दीपाची पुस्तकं, गटाराच्या चिखलाने भरलेलं देवघर. मूर्ती नळीच्या पाण्याखाली धरून धूत होत्या. पुन्हा पुन्हा धूत होत्या, तरी वास जात नव्हता. काका आले ते नाकाला रुमाल लावूनच.

मावशी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, रुमाल काढा. घ्या हा वास. तुमच्या लाइनच्या बाहेरचा आहे."

काकांनी रुमाल खाली घेतला. ते चांगल्या बुटांनिशी चिखलात उतरले, माझ्यापाशी आले आणि त्याच रुमालाने मला पुसू लागले. मागून आलेल्या मीनाक्षीने त्यांचा हात धरला.

"काका, आधी वाचा."

माझ्या अंगावर चिखलाची रेघ वाळत होती. काकांनी वाकून तिच्याजवळचा आकडा पाहिला. "नऊ," ते म्हणाले. "जुनं रीडिंगही परत घाल."

"आणि गादी?"

"तीही घाल. गणितात पुलाखालची पाण्याची वाट अरुंद धर."

आता नकाशात ती गल्ली पूररेषेच्या आत आहे. मावशींनी देवघर वरच्या मजल्यावर नेलं, त्यामुळे घंटा जरा लांबून येते. आणि कालच कुणीतरी पुलावरून आणखी एक टायर टाकला. मित्रांनो, माझ्या पायाशी काही टाकू नका. मला पुसा, खुशाल घासून पुसा. पण आधी वाचा.