पणजीच्या नावाचा रकाना

आमचा पणजोबा गोऱ्या पलटणीचा बँडमास्तर होता, एवढं खरं. तो शिंग फुंकायचा तेव्हा तीन कोसांवरच्या म्हशी आपोआप दूध सोडायच्या, हे माझं. पणजीशी त्यानं चर्चमध्ये वाजतगाजत लग्न लावलं, वरातीत घोडे होते, हेही माझंच. सुरुवातीला दोन होते. साठ वर्षांत चोवीस झाले.

माझी थोरली बहीण आक्का अंथरुणाला खिळली तेव्हा म्हणाली, "थापाड्या, घोडे राहू देत. पणजीचं नाव काय रे? जाण्याआधी एकदा तिला नावानं हाक मारायचीय."

चर्चच्या मागच्या खोलीत इंग्रजांच्या काळातल्या नोंदवह्या होत्या. बाप्तिस्म्यांची, लग्नांची, दफनांची. मी लग्नांची वही मागितली. चार दिवस पान न् पान चाळलं. पाचव्या दिवशी वह्या सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजोबा, लग्न झालं होतं असं सांगितलं कुणी?"

"मीच," म्हटलं. स्वतःच्याच थापेवर विसंबून आक्काचे चार दिवस घालवले होते.

बाप्तिस्म्यांच्या वहीत आमचे आजोबा अर्ध्या तासात सापडले. बापाचं नाव, हुद्दा, पलटण, सगळं झोकदार अक्षरात. आईच्या रकान्यात नुसतं 'देशी बाई'. बाईंनी दफनांची वही पुढे सरकवली. आजोबांच्या जन्मानंतर तिसऱ्याच दिवसाची नोंद: 'बँडमास्तरच्या घरची बाई, वय सुमारे एकोणीस.' त्याच पानावर सहा गोरे शिपाई होते. त्यांची नावं, आडनावं, कुठल्या तापानं गेले तेसुद्धा.

"असंच लिहायचे हो तेव्हा," बाई म्हणाल्या. "दुसरीकडे कुठे मिळायचं नाही."

घरी आलो. आक्का जागीच होती.

"मिळालं?"

"लिहिलंच नाही कुणी. एकोणीसची होती गं. बाळाला तीन दिवस झाले न् गेली."

तिनं मान माझ्याकडे वळवली. "मग तूच सांग एखादं. मी खरं मानीन."

नावांना काय तोटा! दहा-बारा तर जिभेवरच होती. तोंड उघडलं आणि हुंदका आला.

"बरं, राहू दे," आक्का म्हणाली. हात उचलवत नव्हता तरी तिनं तो रिकाम्या दाराच्या दिशेनं थोडा हलवला.

"अगं ए पोरी," तिनं हाक मारली, "आत ये."